कॉम्प्युटर मिनिटभर अडकतो आणि 'सिस्टीम' १०० टक्के डिस्क खाते: समुद्राजवळच्या गावांत काय तपासावं

लक्षणं

माउस फिरतो, पण क्लिक लागत नाही. चालू प्रोग्रॅमची विंडो पांढुरकी होते, वर 'नॉट रिस्पॉन्डिंग' येतं. अर्धा-एक मिनिट असंच जातं आणि मग वैतागून केलेले सगळे क्लिक एकदम लागू होऊन चार-पाच फोल्डर धडाधड उघडतात. तेवढ्या वेळात कॅबिनेटवरचा हार्डडिस्कचा दिवा लुकलुकायचं सोडून सलग पेटलेला असतो. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडला तर डिस्कच्या रकान्यात १०० टक्के आणि यादीत सगळ्यात वर 'सिस्टीम' नावाची प्रोसेस.

माउससुद्धा गोठत असेल आणि स्पीकरमधून एकच आवाज घरघरत राहत असेल, तर तो रॅम, ग्राफिक्स किंवा ड्रायव्हरचा आजार आहे. एकच प्रोग्रॅम अडकतो आणि बाकी सगळं सुरळीत चालतं, तर दोष त्या प्रोग्रॅमचा किंवा प्रिंटरचा असतो. प्रिंटरचं खाली सांगितलं आहे. सगळंच एकदम थबकतं आणि आपोआप सुटतं, त्यांच्यासाठी हे लिखाण आहे.

श्रीवर्धनपासून वेंगुर्ल्यापर्यंत झेरॉक्सची दुकानं, आपले सरकार सेवा केंद्रं, लॉजचे काउंटर, आंब्याच्या पेट्यांची बिलं करणारी ऑफिसं, सगळीकडे या तक्रारीवर एकच उपाय ठरलेला आहे: 'फॉरमॅट मारा'. फॉरमॅट मारल्यावर पंधरा दिवस बरं चालतं आणि मग पुन्हा तेच. कारण बहुतेक वेळा विंडोजचा दोष नसतोच.

'सिस्टीम' ही विंडोजचा गाभा असलेली प्रोसेस आहे. डिस्कवर वाचणं-लिहिणं तिच्या मार्फत होतं. डिस्क उत्तर द्यायला उशीर करते तेव्हा वाट पाहणाऱ्यांच्या यादीत हीच वर दिसते. रेशनच्या दुकानात वजनकाटा अडकलाय आणि आपण रांगेतल्या पहिल्या माणसावर ओरडतोय, असा हा प्रकार आहे. तिला 'एंड टास्क' करायला जाऊ नका. ती बंद पडली तर मशीनच बंद पडेल.

आधी बॅकअप

पेन ड्राइव्ह किंवा बाहेरची हार्डडिस्क लावून कामाच्या फाइली, टॅलीचा डेटा आणि फोटो आत्ताच कॉपी करून घ्या. खालच्या काही तपासण्या डिस्कवर ताण देतात, आणि डिस्क मरणाच्या दारात असेल तर तेवढा ताण पुरतो. कॉपी करताना एखाद्या फोल्डरवर मशीन अडकलं, तर ते सोडून पुढचं घ्या. तिथेच हट्टाने दहा वेळा प्रयत्न करू नका.

फुकटातल्या तपासण्या

पहिली: 'रिस्टार्ट' करा. 'शट डाउन' करून परत चालू करणं वेगळं. विंडोज १० आणि ११ मध्ये 'फास्ट स्टार्टअप' चालू असेल तर शट डाउनच्या वेळी गाभ्याची अवस्था डिस्कवर साठवून ठेवली जाते आणि सकाळी तीच परत उचलली जाते. म्हणजे कालचा अडकलेला ड्रायव्हर आज तसाच येतो. रिस्टार्ट मात्र सगळं नव्याने सुरू करतो. विंडोज अपडेट अर्धवट राहिलं असेल तर तेही इथेच पुरं होतं.

दुसरी: सी ड्राइव्हमध्ये जागा किती आहे ते बघा. पंधरा ते वीस टक्के मोकळी हवी. रॅम भरली की विंडोज तात्पुरता माल डिस्कवरच्या पेजफाईलमध्ये टाकते. डिस्क गच्च भरली असेल तर तिथे घुसमट होते.

तिसरी तपासणी सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात कमी केली जाणारी. टास्क मॅनेजरच्या 'परफॉर्मन्स' टॅबमधून 'रिसोर्स मॉनिटर' उघडा आणि 'डिस्क' टॅबवर जा. तिथे प्रत्येक फाईलसमोर 'रिस्पॉन्स टाइम' मिलिसेकंदात दिसतो. टास्क मॅनेजरमधले १०० टक्के म्हणजे डिस्क किती वेळ कामात गुंतली आहे, एवढंच. किती माल वाहिला गेला ते त्यातून कळत नाही. म्हणून दोन्ही आकडे जोडून वाचायचे:

डिस्क १०० टक्के आणि वेग सेकंदाला ८०-१०० एमबी, तर डिस्क निरोगी आहे आणि खरंच काम करतेय. कोण करवून घेतंय ते यादीत बघा. अँटीव्हायरसचं स्कॅन, विंडोज अपडेट आणि सर्चची अनुक्रमणिका ही नेहमीची नावं. तास-दोन तास चालू द्या, आपोआप थांबेल. दोन अँटीव्हायरस एकाच मशीनवर असतील तर एक काढा. मुदत संपलेला असेल तर आधी तोच काढा, विंडोजचा स्वतःचा डिफेंडर आपोआप चालू होतो.

डिस्क १०० टक्के, वेग अर्धा-एक एमबी आणि 'पेजफाईल' हे नाव सतत वर, तर रॅम कमी पडतेय. ४ जीबी रॅमवर क्रोमच्या दहा टॅब आणि टॅली एकत्र चालवले की हेच दिसतं. रॅम वाढवली की सुटतं.

डिस्क १०० टक्के, वेग जवळजवळ शून्य आणि रिस्पॉन्स टाइम शेकड्यांत किंवा हजारांत, फाईल कुठलीही असो: हे दुखणं लोखंडातलं, म्हणजे हार्डवेअरमधलं. चांगली हार्डडिस्क साधारण १० ते २० मिलिसेकंदात उत्तर देते, एसएसडी बहुधा एका मिलिसेकंदाच्या आत. तुमच्याकडे हेच दिसत असेल तर सर्व्हिसेस बंद करण्याचे उपाय सोडून थेट पुढे 'इव्हेंट व्ह्यूअर' भागावर जा. 'सिसमेन' (नेहमी लागणारे प्रोग्रॅम आधीच रॅममध्ये आणून ठेवणारी) सर्व्हिस बंद करा हा सल्ला सगळीकडे मिळतो. जुन्या हार्डडिस्कवर त्याने थोडा फरक पडतो, करून बघायला हरकत नाही. पण दोन हजार मिलिसेकंदांचा उशीर सिसमेनमुळे होत नाही.

फक्त वर्ड, एक्सेल किंवा 'सेव्ह ॲज' करताना अडकत असेल तर

वर्ड फाईल उघडताना डीफॉल्ट प्रिंटरला पानाची मापं विचारतो. तो प्रिंटर नेटवर्कवरचा असेल आणि बंद असेल, तर उत्तराची वाट बघत वर्ड अडकतो. 'मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ' डीफॉल्ट करून बघा. लगेच सुधारलं तर कारण सापडलं. सेटिंग्जमध्ये 'लेट विंडोज मॅनेज माय डीफॉल्ट प्रिंटर' बंद करा, नाहीतर शेवटी वापरलेला प्रिंटर पुन्हा डीफॉल्ट होऊन बसेल. प्रिंटच्या रांगेत अडकलेले जुने जॉब असतील तर सर्व्हिसेसमध्ये जाऊन 'प्रिंट स्पूलर' थांबवा, विंडोजच्या फोल्डरमध्ये सिस्टीम३२, त्यात स्पूल, त्यात प्रिंटर्स, या शेवटच्या फोल्डरमधल्या फाइली पुसा (फोल्डर ठेवा) आणि स्पूलर परत चालू करा.

'सेव्ह ॲज'ची विंडो उघडायला वेळ लागतो तेव्हा 'धिस पीसी'मध्ये लाल फुली मारलेला नेटवर्क ड्राइव्ह आहे का ते बघा. दुसऱ्या टेबलावरचा जो कॉम्प्युटर आता विकून टाकलाय, त्याचा रस्ता इथे अजून जोडलेला असतो. 'डिस्कनेक्ट' करा.

यादीत 'सिस्टीम इंटरप्ट्स' वर असेल तर

नाव जवळचं, पण गोष्ट वेगळी. ही खरी प्रोसेसच नाही; हार्डवेअरने प्रोसेसरला मारलेल्या हाकांवर गेलेला वेळ विंडोज या नावाखाली दाखवते. एरवी हा आकडा एक-दोन टक्क्यांच्या आत असतो. दहा-वीस टक्के दिसला तर यूएसबीला लावलेलं एकेक उपकरण काढत आकडा बघत राहा: बोटांचे ठसे घेणारं यंत्र, वेबकॅम, डिजिटल सहीचा टोकन, प्रिंटर. सेवा केंद्रात बहुधा ठशांचं यंत्र किंवा पुढच्या बाजूचा यूएसबी पोर्ट निघतो. पोर्टच्या आतल्या पट्ट्यांवर गंजाचा तपकिरी थर असेल आणि उपकरण न हलवताही जोडल्याचा-सुटल्याचा आवाज येत असेल, तर तो पोर्ट वापरायचा बंद करा आणि मागच्या बाजूला मदरबोर्डवरच्या पोर्टला जोडा.

इव्हेंट व्ह्यूअर: मशीनने स्वतः लिहून ठेवलेली तक्रार

स्टार्टवर उजवा क्लिक, 'इव्हेंट व्ह्यूअर', मग 'विंडोज लॉग्ज' आणि त्यात 'सिस्टीम'. मशीन अडकलं ती वेळ लक्षात ठेवून त्या मिनिटाच्या नोंदी बघा. कामाचे क्रमांक मोजकेच:

- १२९, सोर्स 'स्टोरएएचसीआय': डिस्कने उत्तर दिलं नाही म्हणून विंडोजने तिची जोडणी रीसेट केली. मिनिटभर अडकून आपोआप सुटण्याची खूण हीच.
- १५३, सोर्स 'डिस्क': वाचणं-लिहिणं पहिल्या फटक्यात झालं नाही, पुन्हा करावं लागलं.
- ७, सोर्स 'डिस्क': डिस्कवर खराब ब्लॉक आहे.
- ५१: पेजिंग चालू असताना डिस्कवर चूक झाली.
- ४१, 'कर्नल-पॉवर': मशीन नीट बंद न होता बंद पडलं. पावसाळ्यात वीज जाण्याच्या वेळांशी हे जुळवून बघा.
- ३७, 'कर्नल-प्रोसेसर-पॉवर': प्रोसेसरचा वेग फर्मवेअरने (मदरबोर्डमधल्या मूळ प्रोग्रॅमने) कमी केलाय. हे बहुधा गरम झाल्यामुळे. पंखा आणि हीटसिंक साफ करा.

नुसतं १२९ आणि १५३ दिसत असेल तर डिस्क मेली असं समजून लगेच नवी आणू नका. केबल, कनेक्टर किंवा वीजपुरवठा यांच्यामुळेही हेच क्रमांक पडतात. कुठलं ते पुढची तपासणी सांगते.

सी७ विरुद्ध सी५

'क्रिस्टलडिस्कइन्फो' हा मोफत प्रोग्रॅम टाका. तो डिस्कच्या स्वतःच्या नोंदवहीतले आकडे दाखवतो. सुरुवातीला ते हेक्समध्ये (सोळाच्या पद्धतीत) असतात. 'फंक्शन' मेनूतून 'ॲडव्हान्स्ड फीचर', 'रॉ व्हॅल्यूज' असं जाऊन दहाच्या पद्धतीत करून घ्या, नाहीतर 'ए' आणि 'एफ' बघून उगाच घाबरायला होतं.

साटा डिस्कसाठी (मदरबोर्डला केबलने जोडलेली नेहमीची डिस्क) चार ओळी बघायच्या. ०५ म्हणजे बदलून टाकलेले सेक्टर (डिस्कवरचे छोटे कप्पे), सी५ म्हणजे वाचता न आल्याने वाट बघत असलेले सेक्टर, सी६ म्हणजे दुरुस्त न होणारे सेक्टर. हे तिन्ही शून्य हवेत. सी५ किंवा सी६ आठवड्यात वाढत असेल तर डिस्कची पाटी झिजली; पुढची साफसफाई करून काहीही होणार नाही, डिस्क बदला.

सी७ वेगळा. डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यामधल्या रस्त्यात माल बिघडला, तो किती वेळा, हे तो मोजतो. ०५, सी५, सी६ शून्य आणि सी७ मात्र ३४० असं दिसलं तर डिस्क ठणठणीत असण्याची शक्यता मोठी आहे आणि केबल किंवा कनेक्टर खराब आहे. हा आकडा कधी कमी होत नाही, म्हणून आजचा आकडा तारखेसकट कागदावर लिहून कॅबिनेटला चिकटवा. केबल बदलल्यावर तिथेच थांबला तर काम झालं.

किनाऱ्यावर सी७ वाढण्याचं कारण हवेत आहे. समुद्राच्या वाऱ्याबरोबर येणारे मिठाचे कण धुळीसोबत कॅबिनेटमध्ये बसतात. कोरड्या दिवसांत ते निरुपद्रवी असतात. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळतं, आणि कोकणात जून ते सप्टेंबर आर्द्रता बहुतेक वेळ त्याच्या वरच असते. मग पिनांवर खाऱ्या पाण्याचा पातळ थर बसतो, सोन्याच्या मुलाम्याला जिथे बारीक चरा पडलेला असतो तिथून आतलं तांबं गंजतं आणि जोडणी कधी लागते, कधी सुटते. म्हणूनच मे महिन्यात नीट चाललेलं मशीन जुलैत अडकायला लागतं, आणि दिवाळीनंतर 'आपोआप बरं' होतं.

कॅबिनेट उघडून करायची कामं

आधी लॅपटॉपवाल्यांसाठी आणि विंडोज ११ च्या सगळ्यांसाठी: बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्कवरच्या डेटाला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या. ती बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. डिस्क दुसऱ्या मशीनला लावली किंवा बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंग्जमध्ये) बदल केला की हीच मागितली जाते.

मशीन बंद करा, मागची वायर काढा, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावून मगच आत हात घाला.

साटाची डेटा केबल (सात पट्ट्यांची, अरुंद) दोन्ही टोकांनी काढा आणि कनेक्टर टॉर्चखाली बघा. पट्ट्या पिवळ्या चमकायला हव्यात. पांढरी भुकटी, हिरवट ठिपका किंवा काळपट डाग दिसला तर तिथेच दोष आहे. केबल साफ करत बसू नका, नवी घ्या. शंभर रुपयांच्या आसपास मिळते. धातूची चाप असलेली घ्या, म्हणजे सैल होत नाही. डिस्कच्या आणि मदरबोर्डच्या बाजूच्या पट्ट्या ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसा आणि दहा मिनिटं वाळू द्या. नवी केबल चार-पाच वेळा घालून-काढून मग शेवटची बसवा. घासण्याने उरलेला थर निघतो. मदरबोर्डवर दुसरा साटा पोर्ट रिकामा असेल तर तो वापरा.

पॉवरची केबल (रुंद, पंधरा पट्ट्यांची) एसएमपीएसमधून (कॅबिनेटमधला वीज पुरवणारा डबा) आलेल्या दुसऱ्या टोकाशी बदलून बघा. जुन्या चार पिनांच्या जोडणीवरून साटा करणारा जोड वापरला असेल तर तो काढाच. तो आत सैल पडून तापतो, कधी जळतो.

रॅम काढून तिच्या पट्ट्या त्याच अल्कोहोलने पुसा. खोडरबराने घासायची पद्धत सगळीकडे आहे, चालते. पण रबराची कीस स्लॉटात पडू देऊ नका. कुलपावर आणि बिजागरीवर मारायचा गंजाचा स्प्रे मात्र कुठेही मारायचा नाही. त्याचा तेलकट थर राहतो आणि त्यावर मिठाची धूळ आणखी चिकटते. ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवा.

सगळं बंद करून मशीन चालू करा आणि आठवडाभर १२९ नवा पडतो का, सी७ हलतो का, एवढंच बघा.

एम.२ एनव्हीएमई एसएसडी (मदरबोर्डवर थेट बसणारी काडीसारखी डिस्क) असेल तर केबल नसतेच, सी७ पण दिसणार नाही. तिथे 'मीडिया अँड डेटा इंटिग्रिटी एरर्स' शून्य आहे का बघा आणि काडी स्क्रू सोडून काढून, पट्ट्या पुसून परत बसवा.

मग वीज

केबल बदलूनही १२९ पडत असेल आणि तो नेमका पंप, फ्रिज किंवा एसी चालू होताना पडत असेल, तर पुरवठा तपासा. बायोसच्या 'हार्डवेअर मॉनिटर' पानावर १२ व्होल्टची ओळ ११.४ ते १२.६ आणि ५ व्होल्टची ४.७५ ते ५.२५ मध्ये हवी. आकडा कडेला लटकत असेल तर एसएमपीएस थकला. घरचा इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागचा खटका 'यूपीएस' मोडवर ठेवा. साध्या मोडमध्ये लाइट गेल्यावर बदल व्हायला जास्त वेळ लागतो.

विंडोजची दुरुस्ती यानंतर. सी ड्राइव्हवर उजवा क्लिक, 'प्रॉपर्टीज', 'टूल्स', 'चेक'. हे हलकं आहे, करा. प्रत्येक सेक्टर वाचणारी विंडोजची पूर्ण तपासणी, म्हणजे पूर्ण चेकडिस्क, मात्र बॅकअप नसेल आणि सी५ शून्याच्या वर असेल तर अजिबात चालवू नका. ते तासन्‌तास चालतं आणि मरायला टेकलेली डिस्क त्यातच जाते.

इथे थांबा

कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर मशीन बाजूला ठेवा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा. ते अर्थिंगचं काम आहे. जांभ्या दगडाच्या जमिनीत उन्हाळ्यात ओल राहत नाही आणि अर्थिंगचा खड्डा निकामी होतो. तो मोजायचं यंत्र इलेक्ट्रिशियनकडेच असतं.

एसएमपीएस कधीही स्वतः उघडू नका, आत मुंग्या दिसत असल्या तरी. वायर काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जिवावर बेतेल इतका व्होल्टेज उरतो. नवा बसवा. जळका वास, मदरबोर्डवर फुगलेले कपॅसिटर किंवा पाल चिकटून करपलेली जागा दिसली तर मशीन परत चालू न करता दुकानात न्या.

डिस्क टिक-टिक वाजत असेल किंवा बायोसमध्ये कधी दिसते, कधी नाही, आणि आतला डेटा गरजेचा असेल, तर त्याच क्षणी बंद करा. प्रत्येक वेळी चालू करताना उरलेला डेटा कमी होत जातो. डेटा रिकव्हरीवाल्याकडे ती न उघडता पोचवा.

दुरुस्तीला देताना 'हँग होतो' एवढंच सांगितलं तर फॉरमॅटच होऊन येईल. क्रिस्टलडिस्कइन्फोच्या पानाचा मोबाईलवर काढलेला फोटो, इव्हेंटचे क्रमांक आणि त्यांच्या वेळा, सी७ चा आधीचा आणि आताचा आकडा, कुठली केबल बदलून झाली, हे लिहून सोबत द्या. डिस्क बदलली तर जुनी परत मागून घ्या. तुमची कागदपत्रं अजून तिच्यावर आहेत.